चेअरमनसाहेबांना फक्त बघता येईल

प्रिय अन्वी आणि ईशान,

गेल्या रविवारी तुम्ही दोघं माझ्याशी बोलायला पडद्यासमोर बसलात आणि बराच वेळ एकमेकांशीच भांडलात. घरच्या वाय-फायचा पासवर्ड अन्वीने बदलला होता आणि जेवणानंतर ईशानचा खेळ आपोआप बंद व्हावा अशी सोय करून ठेवली होती. ईशानचं म्हणणं, घर दोघांचं आहे, मग हा अधिकार हिला कोणी दिला? अन्वीचं म्हणणं, मला जमतं म्हणून मी केलं. तुमच्या आईने मध्ये पडून ते मिटवलं. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही, कारण हाच प्रश्न मी नोकरीत असताना एका माणसाने भलत्याच हट्टाने सोडवला होता. मी त्यांच्याबद्दल सांगायला लागले तेव्हा तुमची आई म्हणाली, लिहून पाठव, मी वाचून दाखवीन. म्हणून लिहिते आहे. ईशानला मराठी सावकाश वाचता येतं, तेव्हा वाक्यं लहान ठेवायचा प्रयत्न करते.

मी नागपूरला इंग्रजीतून शिकले, लग्न होऊन भंडाऱ्याकडे आले आणि मोहाडीच्या एका सहकारी संस्थेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले, हे तुम्हाला माहीत आहे. ती संस्था काय करायची ते बहुधा माहीत नसेल. ती धान खरेदी करायची. धान म्हणजे टरफलासकटचा तांदूळ. आंधळगावला, कोंढ्याला आणि आणखी काही गावांत तिची केंद्रं होती. केंद्रावर ट्रॅक्टर येतो, धानाचं वजन होतं आणि शेतकऱ्याचं नाव व वजन कॉम्प्युटरवर चढतं. ते चढायला लाइन चालू लागते. इंटरनेटला आमच्याकडे सगळे लाइनच म्हणत. लाइन गेली की काटा थांबतो, काटा थांबला की रांग थांबते, आणि रांगेतलं धान उघड्यावर पडून राहतं. ढग आले तर मग काही सांगायला नको.

या लाइनींवर लक्ष ठेवण्यासाठी संस्थेने मी वर म्हटलं त्या माणसाला कराराने नेमलं. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. कोणी नाव विचारलं की ते आधी विचारत, "कायले पाहिजे?"

ते उंच आणि सडपातळ होते. केसांना तेल, पायांत कायम चपला. आमच्याकडे उन्हाळ्यात कौलंसुद्धा हाताला चटका देतात, पण त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर असायचा, कारण मशीन ठेवलेल्या खोलीत संस्थेचा एकमेव एसी होता. ही खोली बारदान्याच्या गोदामामागे होती. बारदाना म्हणजे रिकामी पोती. त्यामुळे त्यांच्या स्वेटरला बारा महिने तागाचा वास यायचा. दुपारी ते तिथेच एकटे बसून भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण खात. कुणाच्या टेबलावर चहा घेत नसत. "चहा पाजला का माणूस पासवर्ड मागते," असं त्यांचं मत होतं, आणि आमच्या ऑफिसपुरतं ते खरं होतं.

माझ्या खोलीचं दार उघडंच असे. तरी ते उंबरठ्याबाहेर उभे राहून दार वाजवत आणि स्वतःचं पूर्ण नाव व काम सांगत. सकाळपासून दोनतीनदा भेट झालेली असली तरी. सुरुवातीला मला वाटलं थट्टा करतात. ती थट्टा नव्हती. पुढे त्यांच्या पत्नी काही कामाने ऑफिसात आल्या होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बोलायला मोकळ्या. त्यांना मी विचारलं, घरीही असंच का? त्या म्हणाल्या, "घरी बी दार वाजवतेत, मॅडम. मी म्हणतो, या ना आत, चोर काही इतकं वाजवून येत नाही."

फोनवर ते याच्याही पुढे जात. एकदा मी त्यांना फोन करून कोंढ्याच्या लाइनबद्दल विचारलं.

"सांगतो," ते म्हणाले. "पण तुमीच बोलून राहिल्या कशावरून?"

"माझा आवाज ओळखत नाही का?"

"आवाज सर्दीनं बी बदलते. सकाळी मी आलो तेव्हा तुमच्या टेबलावर काय ठेवलं होतं?"

"अर्ज."

"कशाचा?"

"तुमच्या रजेचा."

"मंजूर केला का?"

"नाही."

"मग तुमीच आहा," असं म्हणून त्यांनी कोंढ्याची माहिती दिली.

त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. त्याला पडद्यावर जागा लागत नसे. तो मशीनमध्ये मागे बसून दिवसरात्र सगळ्या केंद्रांच्या लाइनी तपासायचा आणि एखादी पडली की ऑफिसात घंटा वाजवायचा. मुख्य लाइन गेली तर केंद्राला दुसऱ्या, राखीव लाइनवर न्यायचं आणि दुरुस्तीसाठी एखादी लाइन बंद करायची, ही कामं मात्र माणसाने आत शिरून करायची असत. अशा मागे बसणाऱ्या प्रोग्रामला इंग्रजीत डीमन म्हणतात. मी साहित्याची विद्यार्थिनी, म्हणून त्यांना सांगितलं की हा शब्द जुन्या ग्रीकांचा, देव आणि माणसं यांच्या मधल्या शक्तीसाठी. ते म्हणाले, "मधलं-बिधलं काही नको, मॅडम. त्याले फक्त पाहायचं काम आहे."

ऑफिसातल्या लोकांना मात्र त्याला नाव द्यायचं होतं. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, त्यांनी ते शोधून काढलं: कोतवाल. आमच्या भागात गावाची राखण करणाऱ्या माणसाला कोतवाल म्हणतात. सगळ्यांना नाव पसंत पडलं. बडे बाबूंनी जाड कागदावर सुंदर अक्षरात ते लिहिलं आणि मशीनवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या या स्वेटरवाल्या गृहस्थांनी तो कागद फाटू न देता सोडवला आणि दार वाजवून, नाव सांगून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"हे काढलं मी."

"का हो? चांगलं नाव आहे. राखणच करतो ना तो?"

"करते. माझा आजा बी करे. मालगुजाराच्या घराची, कोठाराची, तलावाची. पूर्ण गाव त्याले नावानं ओळखे. पण कोठारात पाय ठेवायची सोय नव्हती, अन् तलावावर पाणी लागलं त दुसऱ्यानं वरून ओतलं पाहिजे. छप्पन साली दीक्षा घेऊन आला, अन् कोतवालाची काठी मालगुजाराच्या दारात ठेवून देली. आमच्या घरातून गेलेलं नाव आहे हे. वापस नको."

मालगुजार म्हणजे गावाचा जमीनदार. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. बडे बाबूंना मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले, मग म्हणाले, "माह्या डोक्यातच आलं नाही." ते खरं होतं. त्यांच्या डोक्यात यायचं काही कारणच कधी पडलं नव्हतं.

यातली एक गोष्ट मला खटकली होती. काही महिन्यांनी मी ती विचारली. त्यांचा प्रोग्राम सगळ्यांवर नजर ठेवायचा, पण त्याला स्वतःला कशालाही हात लावता येत नसे. तशीच रचना त्यांनी केली होती. मी म्हटलं, "तुमच्या आजोबांना राखण करायला लावून आत येऊ देत नव्हते. तुम्ही याचंही तेच केलंत."

त्यांनी स्वेटर काढला, घडी केला, मांडीवर ठेवला.

"मॅडम, आज्याले आत येऊ देलं नाही ते तो कोण होता म्हणून. याले येऊ देत नाही ते याच्या कामाले लागत नाही म्हणून. हे दोन एक करू नका."

"आणि माणसांचं?"

"माणसाचं बी तेच. कोण आहे हे पहिल्या दारापाशी विचारायचं. तिथी ओळख संपली. आतल्या दारापाशी विचारायचं, काम काय."

हे ऐकायला सोपं आहे. आमच्या ऑफिसात ते लागू करणं म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधीची परिस्थिती सांगायला हवी. ते येण्यापूर्वी संस्थेत एकच पासवर्ड होता. तो सगळ्यांना माहीत होता, शेजारच्या पानठेलेवाल्यालासुद्धा, कारण त्याचा फोन आमच्या वाय-फायवर चालायचा. त्यांनी प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. पहिल्याच आठवड्यात बडे बाबू आपला पासवर्ड विसरले आणि बारदान्याच्या गोदामामागे गेले. मी तेव्हा पोत्यांचा साठा पाहायला तिथेच उभी होते.

"भाऊ, माझा पासवर्ड सांगा बरं. इसरलो."

"मले माहीत नाही."

"तुमीच त बनवलं ना हे सारं?"

"बनवलं म्हणूनच माहीत नाही. बाबू, धान भरडलं का काय निघते?"

"तांदूळ."

"तांदळाचं वापस धान करता येते का?"

"कसं येईन?"

"तुमचा पासवर्ड आला का मी तो भरडतो अन् तांदूळच ठेवतो. धान ठेवतच नाही. उद्या तुमी परत धान आणलं का परत भरडून पाहतो. तोच तांदूळ निघाला त दार उघडते. आता तुमचं धान काय होतं, हे मी कुठून सांगू? नवीन आणा."

बडे बाबूंनी विचार केला. "अन् दुसऱ्या कोणाचा तांदूळ माझ्यासारखाच निघाला त?"

"म्हणून सांगितलं होतं, पोराच्या नावाचा ठेवू नका. ते धान पूर्ण तालुक्यात पिकते."

मग आल्या पायऱ्या. प्रत्येकाला आत काय करता यावं हे ठरवण्याआधी ते सगळ्या केंद्रांवर फिरले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले: तुम्ही दिवसभरात नेमकं काय करता? लोक घाबरले. कपात होणार अशी बातमी पसरली. काहींनी करत नसलेली कामंही सांगितली, पण ती यांनी मनावर घेतली नाहीत. शेवटी तीन पायऱ्या ठरल्या. पहिली, पाहणारा: त्याला सगळं दिसेल. दुसरी, सांगणारा: घंटा वाजली की "मी बघतो आहे" असं तो कळवील आणि आपल्या केंद्राला राखीव लाइनवर नेईल. तिसरी, बदलणारा: त्याला लाइन बंद करता येईल. ही तिसरी पायरी त्यांनी कुणा एकाला दिलीच नाही. एखाद्या केंद्राची लाइन बंद करायची, किंवा कुणाला तो अधिकार द्यायचा, तर दोन होकार लागत. एक मुख्य ऑफिसचा, म्हणजे माझा. दुसरा त्याच केंद्रावरच्या माणसाचा.

आंधळगावच्या केंद्रावर प्रतिभा नावाची मुलगी होती. मुलगी म्हणजे तेव्हा तिशीची, दोन लेकरांची आई, पण मी तिला मुलगीच म्हणायचे. तिला पायऱ्या पटल्या. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, हे मात्र पटेना. आमच्याकडे ही रीतच होती. लग्नाला गेलं किंवा घरी रोवणी लागली, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस आले, की आपली खुर्ची, टेबलाची किल्ली आणि पासवर्ड शेजारच्याकडे सोपवून निघायचं. नाही म्हणणं म्हणजे माणसावर संशय घेणं.

"भाऊ, मी घराची चावी शेजारणीपाशी ठेवतो," प्रतिभा त्यांना म्हणाली. "हा त पासवर्ड आहे."

"शेजारीण घरात काय करते ते तुमाले माहीत आहे. इथी तिनं काही बी केलं, त नाव तुमचं लागन."

"मंग रोवणीले जाऊ नको का? घरचे काय म्हणतीन?"

मला वाटलं, आता ते नियम वाचून दाखवतील. ते परत आले आणि आठवडाभर गोदामामागून बाहेर पडले नाहीत. मग एक नवीनच सोय तयार झाली. सुटीवर जाणारा माणूस आपलं काम दुसऱ्याला उसनं देऊ शकत होता. पासवर्ड द्यायचा नाही, फक्त काम. उसनं घेणारा स्वतःच्याच नावाने आत येई. त्याला घंटेला उत्तर देता येई, राखीव लाइन लावता येई. दुसरा होकार मात्र देता येत नसे. मूळ माणूस परत आला की उसनवारी संपे.

हे त्यांनी प्रतिभाला समजावलं ते मला आवडलं होतं. "तुमी रोवायले दुसऱ्याच्या बांधीत जाता ना?" बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा वाफा. "तिथी रोवता. त्याचा बांध फोडून पाणी काढता का?"

"बांध कोण फोडते, भाऊ? मारामाऱ्या होतीन."

"बस. इतकंच केलं मी."

ते नेहमीच बरोबर असत असं समजू नका. एकदा त्यांची चांगली फजिती झाली, आणि तीही कोंढ्याला, त्यांच्या स्वतःच्या मुलखात. त्यांनी नियम केला होता की पासवर्ड वारंवार चुकला तर ते नाव बंद पडेल, आणि ते फक्त त्यांना व मला मिळून उघडता येईल. ऐन हंगामात कोंढ्याची लाइन गेली. तिथल्या ऑपरेटरची बोटं घाईत चुकत राहिली आणि त्याचं नाव बंद पडलं. आता राखीव लाइन लावायला कुणी उरलं नाही. त्या दिवशी हे पवनीला एका नातेवाइकाच्या अंत्ययात्रेत होते आणि फोन बंद होता. मी एकटी काही करू शकत नव्हते. काटा दुपारपर्यंत उभा राहिला.

फोन सुरू झाल्यावर ते पवनीहून थेट कोंढ्याला गेले. मीही जीपने पोचले. ट्रॅक्टरच्या रांगेसमोर उभं राहून त्यांनी आधी आपलं नाव आणि काम सांगितलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे. कुलूप मी बनवलं."

एक म्हातारे शेतकरी धानाच्या पोत्यावर बसले होते. त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून घाम पुसला. "बापू, तुझं कुलूप चोरासाठी होतं का आमच्यासाठी?"

"चोरासाठी."

"मंग चोर कुठी आहे? इथी त आमीच बसून राहिलो."

लोक हसले. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं. त्यानंतर चुकलेलं कुलूप थोड्या वेळाने आपोआप उघडू लागलं. एखाद्या नियमात त्यांनी माघार घेतलेली मी पाहिली ती ही एकदाच.

आता चेअरमनसाहेबांकडे येते. आमच्या संस्थेचे चेअरमन निवडून येत. तेव्हाचे चेअरमन दिलदार होते, सगळ्यांच्या लग्नाला जात, नावानिशी चौकशी करत. त्यांचं गाव आंधळगावपासून फार लांब नाही आणि तिथेही केंद्र होतं. आंधळगावचा काटा थांबला की ट्रॅक्टर त्यांच्या गावाकडे वळत, आणि ट्रॅक्टर वळले की चार माणसं त्यांच्या ओसरीवर बसत. निवडणूक तोंडावर होती. हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. हे दारात थांबले, दार वाजवलं, नाव सांगितलं.

"या ना," चेअरमनसाहेब म्हणाले. "तुमाले कोण नाही ओळखत? बसा. हे पाहा, मी हात लावला का तुमचं ते मशीन म्हणते परवानगी नाही. माझ्याच संस्थेत मले परवानगी नाही, हे बरोबर दिसते का?"

"तुमाले सगळं दिसते, साहेब. सगळे केंद्र, सगळ्या लाइनी."

"दिसते. पण करता काही येत नाही. मले पूर्ण अधिकार पाहिजे."

"साहेब, तुमचं काम काय आहे?"

"म्हणजे?"

"चेअरमन म्हणून. दिवसभरात."

हा प्रश्न त्यांनी शिपायालाही याच सुरात विचारला होता. चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "देखरेख," ते म्हणाले.

"मग बरोबर देलं मी. देखरेख पाहण्यात येते."

"अन् तुमी? तुमी कोणत्या पायरीवर?"

"पहिल्या. तुमच्या बरोबरीनं. बांधून झाल्यावर मी माझं नाव खाली आणलं."

चेअरमनसाहेब हसले. "ज्यानं घर बांधलं त्याच्यापाशी चावी नाही? हे कोणाले सांगून राहिले, गा?"

"गवंडी घर बांधून झाल्यावर चावी घरी घेऊन जाते का, साहेब?"

चेअरमनसाहेबांचं हसू थांबलं. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी मॅनेजर आहा. तुमी देऊन द्या."

मुलांनो, अशा वेळी आपण धीटपणे नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला धीट व्हायची वेळच आली नाही. मी म्हटलं, "साहेब, माझा होकार धरला तरी एकच होतो. आंधळगावच्या लाइनसाठी आंधळगावचा लागतो." आणि हे शब्दशः खरं होतं.

"मंग लावा त्या बाईले फोन."

मी लावला, स्पीकरवर ठेवला आणि प्रतिभाला आधीच सांगितलं की साहेब समोर बसले आहेत. मग विचारलं, चेअरमनसाहेबांना तुझ्या केंद्राच्या लाइनवर तिसऱ्या पायरीचा अधिकार हवा आहे, तुझा होकार आहे का?

"नमस्कार, साहेब," प्रतिभा म्हणाली. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "लाइन बिघडली आहे का?"

"नाही बिघडली," साहेब म्हणाले. "अधिकार असावा म्हणून म्हणतो."

"बिघडली असती त देला असता, साहेब. चालत्या लाइनचा कायले पाहिजे तुमाले?"

"प्रतिभा, मी चेअरमन बोलून राहिलो."

"हाव, साहेब. आवाज ओळखला मी." तिने बाहेर कुणाला तरी थांबायला सांगितलं. "माझा होकार नाही, साहेब. बाहेर रांग आहे. ठेवू का?"

चेअरमनसाहेबांनी हाताने खूण केली. मी फोन बंद केला. ते कुणावर ओरडले नाहीत. चहा मागवला. यांनी नेहमीप्रमाणे घेतला नाही.

प्रतिभाला मी नंतर विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली ना, मॅडम. पण अधिकार फक्त असावा म्हणून पाहिजे, त मले बी शेजाऱ्याची बैलजोडी असावी वाटते. अन् भाऊनं सांगितलं होतं, नाही म्हणणं हे बी तुमच्या कामातच आहे."

पुढच्या महिन्यात या गृहस्थांच्या कराराची मुदत संपत होती. मी मुदतवाढीची शिफारस पाठवली. सभेच्या विषयांत तो विषय आलाच नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की सिस्टीम तयार झाली आहे, आता माणसाची गरज काय. प्रतिभाला कुणी हात लावला नाही. ती आंधळगावची होती, तिला काढणं गावाला समजावून सांगावं लागलं असतं. यांच्याबद्दल कुणाला काही समजवायचं नव्हतं. निघाल्याचं दुःख त्यांनी दाखवलं नाही. त्यांच्या पत्नीची नोकरी होती म्हणून घर चाललं असावं.

शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे आले, दार वाजवलं, नाव सांगितलं. या वेळी काम सांगितलं नाही.

"माझं नाव काढून टाका," ते म्हणाले. "माझ्यासमोर काढा."

मी काढलं. मग त्यांनी माझी खुर्ची मागून घेतली आणि आत शिरायचा प्रयत्न केला. मशीनने नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा केला. पुन्हा नाही. मग उठून गोदामामागच्या मशीनवरून करून पाहिला, नंतर स्वतःच्या फोनवरून. बांधणाऱ्याने मागे एखादी फट ठेवली असेल तर ती त्यालाच ठाऊक असते, म्हणून ते स्वतःच शोधत होते. कुठूनही आत जाता आलं नाही. परत आले तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पाहिलं. इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि गेले.

चेअरमनसाहेबांनी नागपूरहून एक माणूस आणला. त्याने दिवसभर सगळं पाहिलं आणि सांगितलं की दोन होकारांची अट तेवढी काढता येणार नाही. काढायचं तर सगळं उखडून नवीन बसवावं लागेल, आणि तोवर एकाही केंद्रावर लक्ष राहणार नाही. बाहेर हंगाम सुरू होता. साहेबांनी नंतर पाहू म्हटलं. मग निवडणूक झाली आणि नवीन चेअरमन आले. त्यांनीही आल्याबरोबर पूर्ण अधिकार मागितला. मी आंधळगावला फोन लावला. प्रतिभाने विचारलं, लाइन बिघडली आहे का.

मी निवृत्त झाले. बडे बाबूही झाले. ते गृहस्थ रायपूरकडे एका कारखान्यात असतात असं ऐकलं. माझ्याकडे त्यांचा नंबर नाही. संस्था आहे, प्रतिभा आंधळगावच्या केंद्रावर आहे, आणि तो प्रोग्राम अजून चालू आहे. चेअरमन जे कुणी असतील त्यांना सगळं दिसतं. आंधळगावची लाइन आंधळगावने होकार दिल्याशिवाय बंद होत नाही.

तुमची,
आजी